वसंतातील शिंकांचा इलाज जूनमध्ये सुरू होतो

टोक्योमध्ये फेब्रुवारीच्या मध्यास थंडी अजून पुरती ओसरलेली नसते. तरीही दूरचित्रवाणीवरील हवामानवृत्तात तापमानाच्या जोडीने परागकणांचा रंगीत नकाशा झळकू लागतो, आणि औषधांच्या दुकानांत दर्शनी फळ्यांवर नाकात मारायचे फवारे, डोळ्यांचे थेंब, मास्कचे गठ्ठे व कडेने झाकलेले चष्मे यांची रास लागते. हा सगळा जामानिमा मुख्यतः सुगी या एका सूचिपर्णी वृक्षासाठी असतो. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात या झाडावर नरफुले धरतात. तो उन्हाळा कडक आणि लख्ख गेला असेल, तर पुढच्या वसंतात पराग अधिक उडणार हे येथील लोक धरूनच चालतात. मोजणीच्या काचपट्टीवर दर चौरस सेंटिमीटरमागे निदान एक परागकण सलग दोन दिवस सापडला, की त्यांतील पहिला दिवस हंगामाचा प्रारंभ मानला जातो. ज्यांना ही ॲलर्जी आहे, त्यांना ती घोषणा ऐकण्याची गरज सहसा पडत नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या देशव्यापी पाहणीत सुगीच्या ॲलर्जीचे प्रमाण १९९८ मध्ये १६.२ टक्के, २००८ मध्ये २६.५ टक्के आणि २०१९ मध्ये ३८.८ टक्के आढळले. या आजाराची पहिली वैद्यकीय नोंद १९६४ मधील आहे आणि ती निक्को परिसरातील रुग्णांवरून झाली. निक्कोच्या रस्त्यांवरील सुगीच्या रांगा सतराव्या शतकापासून उभ्या आहेत, तेव्हा झाड काही नवीन नव्हते. नवीन होती ती झाडांची संख्या. दुसऱ्या महायुद्धानंतर उघडे पडलेले डोंगर झाकण्यासाठी आणि घरबांधणीला लाकूड मिळावे म्हणून सरकारने सुगीची प्रचंड लागवड केली. पुढे परदेशी लाकूड स्वस्तात येऊ लागले, तोड मंदावली, आणि ती सगळी झाडे भरपूर पराग सोडण्याच्या वयाला एकदमच पोहोचली. एका वनखात्याचा चांगल्या हेतूने घेतलेला निर्णय दोन पिढ्यांनंतर नाकातून वाहतो आहे, असे मला दर मार्चमध्ये वाटते.

टोक्योच्या एदोगावा प्रभागात आम्हां मराठी कुटुंबांची जी वस्ती आहे, तिच्यातील अनुभव जवळपास एकसारखा आहे. भारतातून आलेल्या माणसाला पहिले काही वसंत काहीच होत नाही. चेरीच्या बहराखाली तो मास्क लावलेल्या जपानी सहकाऱ्यांकडे सहानुभूतीने पाहतो, आणि आपण धुळीत वाढलेलो असल्यामुळे आपल्याला असले काही होत नाही, असेही सांगतो. त्या काळात त्याच्या शरीरात मात्र सुगीच्या प्रथिनांविरुद्ध आयजीई जातीची प्रतिपिंडे हळूहळू तयार होत असतात. ही प्रतिपिंडे नाकाच्या आणि डोळ्यांच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात, आणि त्यांची दाटी पुरेशी झाली की पुढच्या हंगामात परागाचा स्पर्श होताच त्या पेशी हिस्टामिन व इतर द्रव्ये सोडू लागतात. दारावर आलेल्या भाजीवाल्याला पाहून सगळ्या गावात दरोड्याची दवंडी पिटावी, तसा हा प्रकार असतो. पराग निरुपद्रवी असतो. त्रास होतो तो दवंडीचा.

नेहमीची औषधे या दवंडीनंतरच्या गोंधळावर काम करतात. अँटिहिस्टामिन गोळी हिस्टामिनचा परिणाम रोखते, नाकातील स्टेरॉइडचा फवारा अस्तराची सूज उतरवतो, आणि दोन्ही औषधे नियमित घेतली तर पुष्कळ लोकांचे भागतेही. मी या औषधांना कमी लेखत नाही, कारण ज्याला वर्षातून दोनतीन आठवडे थोड्या शिंका येतात, त्याने यापलीकडे जाण्याचे कारण नाही. पण ही औषधे थांबवली की पुढच्या वर्षी सगळे पहिल्यापासून सुरू होते, कारण मुळातील समज, म्हणजे सुगी हा शत्रू आहे ही प्रतिकारयंत्रणेची धारणा, तशीच राहते. ती धारणा बदलण्याचा प्रयत्न करणारा इलाज आज एकच आहे, आणि तो म्हणजे ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे तोच पदार्थ, मोजून, दीर्घकाळ शरीराला देत राहणे.

आधुनिक म्हणून सांगितला जाणारा हा उपचार शंभर वर्षांहून जुना आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून याने टिमोथी नावाच्या गवताच्या परागांचा अर्क काढून तो हे-फीव्हरच्या, म्हणजे परागज्वराच्या, रुग्णांना टोचला आणि १९११ मध्ये लॅन्सेट नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्ण किती संवेदनशील आहे हे मोजण्यासाठी तो अर्काचे निरनिराळ्या तीव्रतेचे थेंब डोळ्यात टाकून कोणत्या तीव्रतेला डोळा लाल होतो ते पाहत असे. परागांत विष असते आणि टोचल्यामुळे शरीर त्या विषाविरुद्ध लढायला शिकते, ही त्याची समजूत चुकीची होती. पण मात्रा मोजावी, हळूहळू वाढवावी आणि हंगामाच्या आधी सुरुवात करावी ही पद्धत योग्य होती. नून १९१३ मध्ये क्षयाने गेला आणि त्याचे काम जॉन फ्रीमन याने पुढे नेले. आयजीईचा शोध लागायला त्यानंतर अर्धशतक जावे लागले. तो १९६० च्या दशकात अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी लावला. म्हणजे हा इलाज कसा काम करतो हे कळण्याआधी डॉक्टर तो दोन पिढ्या वापरत होते, आणि वैद्यकात असे काही पहिल्यांदाच घडले होते असे नाही.

आज जे कळले आहे, ते थोडक्यात असे. अगदी कमी मात्रेने सुरू करून नियमितपणे ॲलर्जेन, म्हणजे ॲलर्जी घडवणारा पदार्थ, दिले, की सुरुवातीच्या काळात मास्ट पेशी आणि त्यांच्या जातीच्या बेसोफिल पेशी थोड्या बोथट होतात. त्यानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत नियामक टी-पेशींची संख्या वाढते. या पेशी इंटरल्यूकिन-१० सारखी द्रव्ये सोडून ॲलर्जीची प्रतिक्रिया चेतवणाऱ्या टी-पेशींना आवर घालतात. बी-पेशी आयजीजी-४ जातीची प्रतिपिंडे तयार करू लागतात, आणि ती परागातील प्रथिनाला आयजीईच्या आधीच जाऊन चिकटत असल्यामुळे मास्ट पेशीपर्यंत निरोप पोहोचत नाही. रक्तातील आयजीई मात्र पहिल्या काही महिन्यांत कमी होण्याऐवजी वाढते आणि पुढे वर्षांच्या गतीने उतरते. उपचार सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत रक्ततपासणी करून आयजीई वाढले म्हणून घाबरणाऱ्यांनी, किंवा त्या आकड्यावरून उपचार फसला असे ठरवणाऱ्यांनी, हे लक्षात ठेवावे.

नूनची पद्धत, म्हणजे त्वचेखाली इंजेक्शन, आजही जगभर प्रचलित आहे. साधारणपणे काही महिने दर आठवड्याला मात्रा वाढवत नेतात आणि मग तीन ते पाच वर्षे महिन्यातून एकदा टोचतात. प्रत्येक वेळी इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात बसून राहावे लागते, आणि ही अट केवळ औपचारिक नाही. ज्याची ॲलर्जी आहे तेच शरीरात सोडल्यावर क्वचित का होईना, सर्वांगावर तीव्र प्रतिक्रिया उमटू शकते, रक्तदाब कोसळू शकतो, आणि अशा वेळी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी असावे लागते. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९८६ मध्ये अशा लशींशी निगडित, १९५७ पासूनच्या २६ मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली आणि ज्या ठिकाणी थांबलेला श्वास किंवा हृदय पुन्हा चालू करण्याची सोय नाही तेथे हा उपचार देऊ नये असे बजावले. परिणामी त्या देशातील साध्या दवाखान्यांतून तो जवळजवळ नाहीसा झाला. युरोपात जिभेखाली औषध देण्याच्या मार्गाकडे संशोधकांचे लक्ष वळण्यास ही घटना बऱ्याच अंशी कारणीभूत ठरली. जिभेखालच्या अस्तरात ॲलर्जेन उचलून लसिका ग्रंथींपर्यंत नेणाऱ्या पेशी पुष्कळ असतात आणि मास्ट पेशी तुलनेने कमी, त्यामुळे तेथे दिलेल्या मात्रेने बहुधा तोंडापुरताच त्रास होतो. गवताच्या परागांची पहिली गोळी युरोपात २००६ मध्ये मान्य झाली. अमेरिकेत गवत आणि रॅगवीड नावाचे तण यांच्या परागांच्या गोळ्या २०१४ मध्ये आल्या. जपानने त्याच वर्षी सुगीचे जिभेखालचे थेंब विक्रीस आणले आणि २०१८ मध्ये त्याची गोळी आली.

मी घेते ती हीच गोळी. येथे ती लिहून देण्यासाठी डॉक्टरला त्या औषधाचे प्रशिक्षण पूर्ण करून नोंदणी करावी लागते, आणि रुग्णाला सुगीची ॲलर्जी आहे हे त्वचेवरील चाचणीने किंवा रक्तातील विशिष्ट आयजीई मोजून सिद्ध करावे लागते. हंगाम चालू असताना नवा रुग्ण घेत नाहीत, कारण त्या वेळी शरीर आधीच चवताळलेले असते आणि प्रतिक्रिया उमटण्याचा धोका अधिक असतो. म्हणून जून ते नोव्हेंबर-डिसेंबर हा सुरुवातीचा काळ. पावसाळ्याच्या तोंडावर, नाक पूर्ण मोकळे आणि डोळे स्वच्छ असताना, वसंतातील आजाराचे औषध घेण्यासाठी रांगेत बसणे मनाला जड जाते. बहुतेक लोक फेब्रुवारीत दवाखान्यात येतात, आता उशीर झाला असे ऐकतात आणि जूनपर्यंत सगळे विसरून जातात, असे माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आमच्या वस्तीकडे पाहता ते खरे दिसते.

पहिली गोळी दवाखान्यातच घ्यायची असते. गोळी अगदी हलकी आणि ठिसूळ असते. ओल्या बोटांनी उचलली तर बोटालाच चिकटते, म्हणून वेष्टनाचा कागद सोलून कोरड्या हाताने ती उचलावी लागते. नर्सबाईंनी टेबलावर स्वयंपाकघरात असते तसले घड्याळ लावून ठेवले होते. गोळी जिभेखाली ठेवताच काही क्षणांत विरघळली, पण एक मिनिट गिळायचे नाही असे बजावलेले असल्यामुळे लाळ तोंडात धरून बसावे लागले. नंतर पाच मिनिटे खाणे, पिणे आणि चूळ भरणे वर्ज्य. थोड्याच वेळात जिभेच्या मुळाशी खाज सुरू झाली, मग ती कानाच्या आत गेली, आणि हे अपेक्षितच आहे असे सांगून बाईंनी घसा आवळतो का, श्वासाला त्रास होतो का, अंगावर गांधी उठतात का, हे दोनदा विचारले. अर्ध्या तासाने मला घरी सोडले. पहिला आठवडा २,००० जेएयू म्हणजे जपानी ॲलर्जी-एककांची गोळी, त्यानंतर ५,००० जेएयूची, रोज एक. गोळीच्या आधी आणि नंतर दोन तास जोरकस व्यायाम, मद्य आणि गरम पाण्याचे स्नान टाळायचे, कारण रक्ताभिसरण वाढले की औषध भराभर शोषले जाते. जपानमध्ये रात्रीचे स्नान हा घरातील ठरलेला विधी असल्यामुळे ही अट दिसते त्यापेक्षा अवघड आहे. बहुतेक लोक म्हणून सकाळीच गोळी घेतात. तोंडातील खाज हळूहळू कमी होत गेली आणि नंतर जाणवेनाशी झाली. पाकिटात ठेवण्यासाठी एक छोटे कार्ड मिळते. अपघात झाल्यास किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यास हा उपचार चालू आहे हे त्यांना कळावे, यासाठी ते असते.

परिणाम किती होतो, याबद्दल मोघम बोलण्यात अर्थ नाही, कारण या गोळीची चाचणी हजाराहून अधिक रुग्णांवर झाली आहे. तीन वर्षे औषध घेतलेल्यांची लक्षणे आणि त्यांना लागणारी इतर औषधे यांचा एकत्रित गुणांक, नुसती बिनऔषधी गोळी घेतलेल्यांच्या तुलनेत, तिसऱ्या हंगामात सुमारे ४६ टक्क्यांनी कमी होता. गोळी थांबवल्यानंतरच्या पहिल्या हंगामात हा फरक सुमारे ४५ टक्के आणि दुसऱ्या हंगामात सुमारे ३४ टक्के राहिला. अँटिहिस्टामिन आणि हा उपचार यांतील भेद या शेवटच्या दोन आकड्यांत आहे, कारण औषध बंद केल्यावरही त्याचा परिणाम टिकतो. मात्र ४६ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे, आणि जाहिरातींत ज्याला आजार मुळापासून बरा होणे म्हणतात, ते थोड्याच लोकांच्या वाट्याला येते. माझे स्वतःचे सांगायचे तर मार्चमध्ये रात्री तोंडाने श्वास घेत जागे राहणे संपले आहे, फवारा क्वचित लागतो, आणि वाऱ्याच्या दिवशी डोळे अजूनही चुरचुरतात. हे माझ्या मते घसघशीत आहे.

तीन वर्षांची मुदतही हवेतून आलेली नाही. इंग्लंडमध्ये गवताच्या परागांवरील इंजेक्शने तीन-चार वर्षे घेतलेल्या रुग्णांना, उपचार थांबवल्यावर आणखी तीन वर्षे आराम टिकल्याचे १९९९ मध्ये दाखवले गेले. उलट २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दोनच वर्षे उपचार घेऊन थांबलेल्यांना, तिसऱ्या वर्षी बिनऔषधी गटापेक्षा काहीही अधिक लाभ राहिला नव्हता. म्हणजे दोन वर्षांनी बरे वाटते म्हणून सोडून देणाऱ्याचे जवळजवळ सगळे श्रम वाया जातात. दुर्दैवाने सोडण्याची इच्छा नेमकी त्याच सुमारास होते.

मार्चअखेरीस सुगी ओसरते आणि हिनोकी या दुसऱ्या सूचिपर्णी वृक्षाचे पराग सुरू होतात. दोघांच्या मुख्य प्रथिनांत पुष्कळ साम्य असल्यामुळे सुगीच्या गोळीचा हिनोकीवर थोडाफार उपयोग होतो. पण हिनोकीत सुगीशी न जुळणारे प्रथिनही आहे, आणि खास हिनोकीसाठी मान्य झालेली गोळी नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये माझी जुनी अँटिहिस्टामिन परत येते. ॲलर्जेन नेमके असेल तितकाच हा उपचार नेमका असतो, हे मला येथे सर्वांत स्पष्ट दिसले.

सर्वांनाच हा उपचार देता येत नाही. तीव्र किंवा आटोक्यात नसलेला दमा असणाऱ्यांना तो वर्ज्य आहे; बीटा-ब्लॉकर ही रक्तदाब व हृदयविकारावरील औषधे घेणाऱ्यांत ॲड्रेनलिनचा उपयोग कमी होण्याची भीती असते; आणि गर्भारपणात नवी सुरुवात करीत नाहीत. तोंडात जखम असेल किंवा दात काढला असेल, तर भरून येईपर्यंत गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायचे असते. खर्चाचे म्हणाल तर राष्ट्रीय विमा सत्तर टक्के भरतो आणि तपासणी धरून महिन्याला साधारण दोन-तीन हजार येन पडतात. टोक्योच्या २३ प्रभागांत मुलांच्या उपचारांचा भार प्रभागच उचलत असल्यामुळे पालकांचा ओढा मुलांना लवकर सुरू करण्याकडे आहे. अडचण पुरवठ्याची झाली. मागणी इतकी वाढली की नव्या रुग्णांसाठीच्या गोळ्या कंपनीला मोजून-मापून द्याव्या लागल्या, आणि तत्कालीन पंतप्रधान फुमिओ किशिदा यांच्या सरकारने मे २०२३ मध्ये जो परागविरोधी आराखडा मांडला, त्यात या औषधाचे उत्पादन सरळ माणसांच्या हिशेबात सांगितले होते: २.५ लाख रुग्णांपुरते आहे ते पाच वर्षांत १० लाख रुग्णांपुरते करायचे. त्याच आराखड्यात पराग सोडणारी सुगीची लागवड दहा वर्षांत २० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट आहे. झाडे बदलायला पिढी जाईल, तोवर माणसांच्या प्रतिकारयंत्रणेची समजूत काढायची, असा एकूण रोख दिसतो.

याहून नवीन म्हणून जे काही ऐकू येते, त्यातील एक गोष्ट प्रत्यक्ष वापरात आहे. आयजीईलाच पकडून निष्प्रभ करणारे ओमालिझुमॅब हे इंजेक्शन, इतर औषधांनी न आवरणाऱ्या तीव्र परागज्वरासाठी, जपानने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केले. ते हंगामापुरते काम करते, महाग आहे, आणि समजूत बदलत नाही. लसिका ग्रंथीत थेट टोचून तीन इंजेक्शनांत काम भागवण्याचा स्विस प्रयोग २००८ मध्ये गाजला, पण नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. मांजराच्या ॲलर्जीसाठी प्रथिनाचे छोटे तुकडे वापरणारी एक लस २०१६ मध्ये अंतिम चाचणीत फसली, कारण बिनऔषधी गटालाही जवळपास तितकाच आराम वाटला होता. अमक्याला गुण आला म्हणून तमक्याने घ्यावे असे सांगणाऱ्यांनी ही चाचणी जरूर आठवावी. परागाचे प्रथिन तांदळाच्या दाण्यातच उतरवून तो भात खायला द्यावा, असाही प्रयोग जपानी कृषिशास्त्रज्ञांनी केला. तो भात अन्न मानायचा की औषध, या प्रश्नापाशीच हा प्रयोग बराच काळ घुटमळला.

भारतातील वाचकांसाठी यातील उपयोगाचा भाग वेगळा आहे. पुण्यात राहणारी माझी आतेबहीण, जिला मी ताई म्हणते, तिने गेल्या दिवाळीत मला तिच्या थेंबांच्या बाटलीचा फोटो पाठवला. तिला बारा महिने पहाटे शिंका येतात, अंथरूण झटकले की वाढतात, पावसाळ्यात अधिक होतात. गोष्ट ऐकूनच धुळीतील माइटचा संशय यावा. हे सूक्ष्म जीव गाद्या-उशांत राहून आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात, दमट हवेत वाढतात, आणि त्यांच्या विष्ठेतील प्रथिने ॲलर्जी घडवतात. भारतात झालेल्या कितीतरी त्वचाचाचण्यांत हाच दोषी वरच्या क्रमांकावर आढळतो. ताईच्या बाटलीवरील चिठ्ठीत मात्र माइटच्या दोन जातींबरोबर झुरळ, तीन प्रकारच्या बुरशी, गाजर गवत, वेडी बाभूळ, एरंड, हरळी आणि कापसाची धूळ इतके सगळे होते. त्वचाचाचणीत जिथे जिथे लहानशी गांधी उठली, ते ते बाटलीत घातले होते.

असे मिश्रण का टाळावे, याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे बाटलीचे आकारमान तेवढेच राहते आणि घटक वाढतात, तेव्हा प्रत्येकाची मात्रा उतरते, आणि हा उपचार कमी मात्रेत निष्फळ ठरतो हे अनेक चाचण्यांनी दाखवले आहे. दुसरे म्हणजे बुरशी आणि झुरळ यांच्या अर्कांत प्रथिने तोडणारी विकरे असतात, आणि ती एकाच बाटलीतील परागांची प्रथिने नासवतात. त्याखेरीज त्वचेवर गांधी उठणे म्हणजे फक्त आयजीई असणे. त्या पदार्थाने त्रास होतोच असे नाही. लक्षणे कधी, कोठे आणि कशाने वाढतात, याची हकिकत चाचणीशी जुळली तरच तो पदार्थ दोषी ठरतो. आणखी एक फरक बाटलीच्या चिठ्ठीवरच दिसतो. भारतात मिळणाऱ्या बहुतेक अर्कांची तीव्रता वजन व आकारमान यांच्या गुणोत्तरात किंवा एकूण प्रथिनाच्या पीएनयू या एककात दिलेली असते. किती ग्रॅम पराग किती मिलिलिटरमध्ये भिजवले हे त्यावरून कळते. ॲलर्जी घडवणारे मुख्य प्रथिन त्यात किती आहे हे कळत नाही, आणि एका खेपेची बाटली दुसऱ्या खेपेइतकीच ताकदीची असेल याची खात्री राहत नाही. माझ्या गोळीवरील जेएयू हे एकक त्याच खात्रीसाठी ठरवलेले आहे.

म्हणून ताईला मी फोनवर इतकेच सुचवले, की डॉक्टरांना बाटलीतील प्रत्येक घटकाचे कारण विचार, मुख्य प्रथिनाची मात्रा किती आहे ते विचार, पहिली मात्रा दवाखान्यात देतात का आणि तेथे ॲड्रेनलिन असते का ते पाहा, आणि तीन वर्षे पूर्ण करण्याची तुझी तयारी आहे का ते स्वतःला विचार. माइटच्या ज्या प्रमाणित गोळीचा दमा आणि नाकाची ॲलर्जी यांवर युरोपात व जपानात मोठा अभ्यास झाला आहे, ती अलीकडे डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजने भारतातही आणली आहे. ती मिश्र थेंबांपेक्षा बरीच महाग पडेल, आणि माइटखेरीज दुसऱ्या कशाने त्रास होत असेल तर तिचा उपयोग नाही. ताईने दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाऊन चाचणी पुन्हा करून घेण्याचे ठरवले आहे. चाचणीआधी आठवडाभर अँटिहिस्टामिन बंद ठेवावी लागते, नाहीतर गांधीच उठत नाही, आणि पहाटेच्या शिंकांमुळे तो आठवडा कोणता निवडावा यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.